गोंडा, फीत आणि जकातीचें कलम

पोळ्याच्या आधींचा आठवडा हा कळंबच्या बाजारांत रंगांचा आठवडा असतो. मांजरेच्या कांठच्या या तालुक्याच्या गांवीं श्रावणी अमावास्या जवळ आली कीं दोऱ्यांवर टांगलेले लाल, पिवळे, हिरवे गोंडे, कवड्यांचे पट्टे, बैलांच्या झुली आणि शिंगांना गुंडाळावयाच्या चकचकीत फिती यांनीं दुकानें भरून जातात. जवळच दुसऱ्या दुकानांत ओढणीच्या काठाची लेस, चोळीच्या पाठीस लावावयाचे रेशमी गोंडे, पडद्याची झालर आणि दाराचें तोरण टांगलेलें असतें. यांपैकीं कांहीं माल आसपासच कोणीं हातानें वळलेला, कांहीं सुरतेचा वा मुंबईचा, आणि कांहीं समुद्रापलीकडून, बहुधा चीन देशांतून, आलेला असतो. गिऱ्हाइकास हा भेद कळत नाहीं. गोंडा तो गोंडा. परंतु तोच परदेशी गोंडा न्हावा-शेव्याच्या बंदरांत पेटींतून बाहेर निघतो, तेव्हां त्याला प्रथम एका प्रश्नाचें उत्तर द्यावें लागतें: तूं कोण? त्या उत्तरावरून त्याचा कर ठरतो, आणि त्या करावरून पुढें कळंबच्या दुकानांतील त्याची किंमत.

हा प्रश्न सोडविण्याच्या कामास जकातीच्या भाषेंत वर्गवारी म्हणतात. विषय कोरडा वाटतो खरा. पण चार आण्याच्या फितीचें नांव चुकीचें लिहिल्यामुळें ज्याचें वर्षाचें उत्पन्न बुडालें, अशा व्यापाऱ्यास तो मुळींच कोरडा वाटत नाहीं.

कळंबच्या जुन्या पिढीस जकातीची ओळख बंदरावर झाली नव्हती. ती शेजारच्या हद्दीवरच झाली होती. १९४८ पर्यंत कळंब हें निजामाच्या राज्यांत, उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. (त्याच जिल्ह्याचें नांव २०२३ सालापासून धाराशिव असें झालें आहे.) शेजारची बार्शी मात्र सोलापूर जिल्ह्यांत, म्हणजे इंग्रजी मुलखांत. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १८९७ सालीं बार्शीस आणि १९११ सालीं लातुरास पोंचली. लातुराच्या वाटेवर कळंब रोड या नांवाचें स्टेशनहि आहे. मुंबईचा माल या वाटेनें मराठवाड्यांत येऊं लागला. पण हद्द ओलांडतांच त्यावर निजाम सरकारची जकात बसे. तिला करोडगिरी म्हणत. अकबराच्या काळीं एक कोटि दामांच्या वसुलावर नेमलेल्या अधिकाऱ्यास करोडी म्हणत. त्याच हुद्द्याशीं या शब्दाचें नातें आहे. कोट्यवधि दामांचा तो अधिकारी शेवटीं खेडुताच्या गांठोड्यांतील लुगडीं मोजावयास नाक्यावर बसला, ही शब्दांच्या दैवाची गंमत म्हणावी.

या करोडगिरीच्या दराचें मूळ १८०२ सालच्या तहांत सांपडतें. कंपनी सरकार व निजाम यांच्यांत झालेल्या त्या व्यापारी तहांत एकमेकांच्या मुलखांतून येणाऱ्या मालावर सरसकट शेकडा पांच, त्याहून अधिक नाहीं, असें ठरलें होतें. पुढें कांहीं जिनसांचे दर निराळे झाले, तरी सामान्य मालाचा लोकांच्या ध्यानांत राहिलेला दर तोच. यांतील ‘सरसकट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्वांस एकच दर असला म्हणजे मालाचें नांव काय, याला फारसा अर्थ उरत नाहीं. लेस म्हणा, फीत म्हणा, गोंडा म्हणा. शेकडा पांच ते पांचच. अशा व्यवस्थेंत तंट्याला जागा राहते ती किंमतीची. बिजकावर लिहिलेली किंमत खरी कीं खोटी, माल नवा कीं उरलासुरला, हें पाहणें हेंच नाक्यावरच्या कारकुनाचें मुख्य काम. त्यांत पुन्हां बिजक कलदार रुपयांत आणि गांवचा व्यवहार हाली सिक्क्यांत. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब करतां करतां अडाणी माणूस गोंधळून जाई.

शिवाय कळंबच्या गिऱ्हाइकावर परदेशी मालाचा भार दुहेरी होता. निजामाच्या राज्यास स्वतःचें बंदर नव्हतें. त्यामुळें स्वित्झर्लंडची लेस किंवा फ्रान्सची कलाबतू प्रथम मुंबईस उतरे, तेथें हिंदुस्थान सरकारची सागरी जकात भरी, आणि मग हद्दीवर करोडगिरी भरून आंत येई. करोडगिरीचे नाके लोकांस इतके नकोसे झाले होते, याचें एक कारण हेंहि होय. १९४७-४८च्या मुक्तिसंग्रामांत सरहद्दीवरील स्वयंसेवकांच्या तुकड्यांनीं जीं ठिकाणें हल्ल्यासाठीं निवडलीं, त्यांत हे नाके होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें शरणागति पत्करली. तरी हद्दीवरची जकात एका दिवसांत गेली नाहीं. पूर्वींच्या संस्थानांनीं अशी जकात कांहीं काळ चालूं ठेवण्यास संविधानाच्या ३०६व्या कलमानें मुभा दिली होती. तें कलमच १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीनें रद्द झालें. त्याच वर्षीं मराठवाडा मुंबई राज्यांत सामील झाला. तेव्हांपासून कळंबास येणाऱ्या परदेशी मालाची जकात एकदांच आणि एकाच ठिकाणीं, म्हणजे बंदरावर वा विमानतळावर, घेतली जाते.

मात्र बंदरावरचें जग सरसकट शेकडा पांचाचें नव्हतें आणि नाहीं. तेथें प्रत्येक जिनसेस निराळा दर असूं शकतो, आणि दर निराळे झाले कीं भांडणाचा रोख किंमतीवरून नांवावर येतो. ज्या नांवास दर कमी, त्या नांवाखालीं माल आणावा अशी व्यापाऱ्याची इच्छा; ज्या नांवास दर अधिक, त्याखालीं तो ओढावा अशी तपासनिसाची. हा स्वभावधर्म आहे. त्यासाठीं दोघांपैकीं कोणास लबाड म्हणण्याचें कारण नाहीं.

याचें एक जुनें उदाहरण जरीचें आहे. पैठणीचा पदर असो कीं साधी किनार, तिच्यांतील जरीचा धागा म्हणजे रेशमाच्या वा सुताच्या दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, आणि वर सोन्याचा मुलामा. हा धागा सुरतेस होई, तसाच तो फ्रान्सहूनहि येई, आणि परदेशी माल स्वस्त पडे. देशी कारागिरांच्या तक्रारीवरून टॅरिफ बोर्डानें चौकशी केली आणि १९३१ सालीं या धंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला. आतां कर वाढवावयाचा, पण कशावर? नुसतें ‘सोन्याचा धागा’ असें लिहिलें असतें, तर व्यापारी म्हणाला असता, यांत सोनें कोठें आहे, हा तर चांदीचा आहे. ‘चांदीचा धागा’ लिहिलें असतें, तर खोट्या जरीचा, म्हणजे तांब्याच्या तारेचा, माल मोकळा सुटला असता. म्हणून जकातीच्या यादींतील कलमानें खरा आणि खोटा, दोन्हीं प्रकारचा धागा व तार, चांदीचा वर्ख, धातूच्या टिकल्या आणि तत्सम जिन्नस, धातु कोणताहि असो, हें सारें एकाच मोटेंत बांधलें. वाचतांना तें कलम बोजड वाटतें. परंतु त्यांतील प्रत्येक शब्द म्हणजे एकेक बंद केलेली पळवाट आहे.

आजचा कायदा १९७५चा आहे. त्याची अनुसूची १९८६ पासून आंतरराष्ट्रीय पद्धतीवर बसविलेली आहे. त्या पद्धतीचा करार १ जानेवारी १९८८ रोजीं जगभर अमलांत आला, आणि तिची देखरेख ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटना करते. जगांतील झाडून सारा माल तिनें २१ विभाग व ९७ प्रकरणें यांत बसविला आहे. त्यांतील ७७वें प्रकरण पुढें लागेल म्हणून रिकामें ठेवलेलें आहे. प्रत्येक जिनसेस सहा आंकड्यांची संख्या सर्व देशांत एकच. हिंदुस्थानांत तिच्यापुढें आणखी दोन आंकडे लावून ती आठ आंकडी केली जाते. पहिले दोन आंकडे प्रकरणाचे, पहिले चार शीर्षकाचे. धाग्याकापडाचा विभाग हा अकरावा, ५०पासून ६३पर्यंतच्या प्रकरणांचा. शोभेच्या बहुतेक जिनसांचें माहेर ५८व्या प्रकरणांत आहे. पण त्यांपैकीं पुष्कळशा सासरीं दुसऱ्याच प्रकरणांत जातात, आणि घोळ होतो तो येथेंच.

ज्यास दुकानांत सर्रास ‘लेस’ म्हणतात, तिचेंच पहा. खरी लेस म्हणजे खालीं कापड असें कांहींच नसतें. दोरे एकमेकांभोंवतीं पिळून, गुंतवून जाळी आणि नक्षी एकदमच तयार केलेली असते. तिचें शीर्षक ५८०४. दुसरी लेस दिसावयास तशीच, किंबहुना अधिक ठसठशीत; गळ्याभोंवतीं लावावयास हीच बायकांस आवडते. ती मात्र लेसच नव्हे. एका पातळ कापडावर यंत्रानें दाट भरतकाम करतात आणि मग तें कापड पाण्यानें, रसायनानें किंवा उष्णतेनें नाहींसें करून टाकतात; राहतें तें नुसतें भरतकाम. स्वित्झर्लंडांत इझाक ग्रोब्ली यानें १८६३ सालीं शोधून काढलेल्या शिफली यंत्रावर हें काम होऊं लागलें, आणि सेंट गालेन हें शहर या मालासाठीं जगभर प्रसिद्ध झालें. जकातीच्या यादींत हा माल लेसमध्यें बसत नाहीं. तो ‘पायाचें कापड न दिसणारें भरतकाम’ म्हणून ५८१० या शीर्षकाखालीं जातो. तिसरी लेस एकाच आंकडीनें विणलेली, घरोघरच्या रुमालांस असते तशी. ती मात्र खऱ्या लेसप्रमाणें ५८०४मध्येंच जाते. टांके एकांत एक अडकवून विणलेल्या इतर मालाचें प्रकरण निराळें, ६०वें; आंकडीची लेस त्यांतून वगळलेली आहे. आणि चौथी लेस म्हणजे मागावर विणलेली नक्षीदार पट्टी. तिला लेस म्हणतात तें केवळ लाडानें.

चारी प्रकार मीटरवर मोजून त्याच कात्रीनें कापले जातात, आणि बिजकावर चारींचें नांव ‘लेस, मिश्र’ असें एकच असूं शकतें. भिंग हातीं घेऊन पाहिल्यास मात्र फरक लपत नाहीं. आंकडीच्या विणीचें मोकळें टोंक ओढलें कीं ओळीनें टांके उसवत जातात. शिफलीच्या कामांत शिवणयंत्राप्रमाणें वरचा एक आणि खालचा एक असे दोन दोरे एकमेकांस अडकलेले दिसतात. मागाच्या पट्टींत उभे-आडवे दोरे सरळ मोजतां येतात. जकातीच्या कचेरींतील तज्ज्ञाचें काम या बाबतींत एखाद्या अनुभवी शिवणकाम-शिक्षिकेच्या कामाहून फारसें निराळें नाहीं.

मागाच्या पट्टीसहि आणखी एक अट आहे. तिची रुंदी ३० सेंटिमीटरहून अधिक नसावी, आणि दोन्हीं कडांस काठ असावा. तो विणलेला, डिंकानें चिकटविलेला किंवा अन्य रीतीनें केलेला चालतो. अशी पट्टी ‘अरुंद विणलेलें कापड’ म्हणून ५८०६मध्यें जाते. त्याच पट्टीच्या एका कडेचे दोरे मोकळे सोडून झालर विणली असेल, तर प्रकरणाची टीप तिला स्पष्टपणें ५८०८मध्यें पाठविते. तिच्यावर टिकल्या शिवल्या, तर ती भरतकाम होते आणि ५८१०मध्यें येते. कारण टिकल्या, मणी वा नक्षीचे तुकडे कापडावर शिवणें हेंहि कायद्यानें भरतकामच मानलें आहे. तिचा तयार गळपट्टा करून आणला, तर ती ५८वें प्रकरण सोडून कपड्यांच्या तयार साहित्यांत, ६२१७मध्यें, जाऊन बसते. एकाच पट्टीचे हे चार जन्म होत.

गोंड्याची कथा याहून सरळ, आणि तरीहि फसवी आहे. ५८०८ या शीर्षकांत वेणीसारखे गोफ आणि शोभेच्या कडा या ‘ताग्याच्या रूपांत’, म्हणजे लांबच लांब, असल्या पाहिजेत असें म्हटलें आहे. गोंडे आणि लोकरीचे गोल फुंदे यांस मात्र ही अट नाहीं. म्हणजे एक सुटा गोंडाहि तेथें पूर्ण हक्कानें बसतो. अडचण येते ती गोंडा नुसता गोंडा राहत नाहीं तेव्हां. हल्लीं लग्नाच्या चोळ्यांस लावतात तो गोंडा पाहिल्यास वर कांचेचा मणी, मध्यें सोनेरी टोपी, खालीं रेशमाचा झुबका, आणि त्यांतून आणखी तीन मोत्यांच्या सरी! येथें सामान्य नियमांचा उपयोग होतो. प्रथम शीर्षकाचे शब्द आणि टिपा पाहावयाच्या. दोन शीर्षकें सारखींच लागू होत असतील, तर जें अधिक नेमकें वर्णन करतें तें घ्यावयाचें. तेंहि न जमल्यास, ज्या घटकामुळें त्या वस्तूस तिचें मूळ रूप येतें, तो घटक पाहावयाचा. रेशमाचा झुबका काढून टाकला तर गोंडा उरतो काय? उरत नसेल, तर तो ५८०८चा. उलट सारी शोभा कांचेच्या मण्यांची असून दोरा केवळ ओवण्यापुरता असेल, तर त्याची गणना कांचेच्या मालांत, ७०१८मध्यें होईल. मणी प्लॅस्टिकचे असतील, तर ३९२६मध्यें. आणि याहि कसोटीनें निकाल न लागला, तर तुल्यबळ शीर्षकांपैकीं जें संख्येनें शेवटीं येतें तें घ्यावें, असा अखेरचा नियम आहे. हा न्याय वाचून कोणास हसूं येईल. पण चिठ्ठ्या टाकण्यापेक्षां तो बरा, कारण तो सर्व देशांत सारखाच लागतो.

पोळ्याच्या बाजारांतील बैलाची झूल घ्या. ती कापडाची, तिच्यावर कशिदा, कडेस झालर. ती धाग्याकापडाच्या विभागांत असेल असें कोणासहि वाटेल. पण ४२व्या प्रकरणांत, कातडी सामानांत, ४२०१ हें शीर्षक जनावरांच्या साजाचें आहे; लगाम, खोगीर, खोगिराखालचें कापड असा साज तेथें ‘कोणत्याहि पदार्थाचा’ असला तरी चालतो, आणि धाग्याकापडाच्या विभागानें तो आपल्या यादींतून मुद्दाम वगळलेला आहे. त्यामुळें कापडाची झूल जकातीच्या दृष्टीनें चामड्याच्या खोगिराची बहीण ठरते. तोरणाच्या बाबतींत वाद खरा आहे. भरतकाम केलेलें, शिवून पुरें झालेलें तोरण हें घरसजावटीच्या तयार मालांत, ६३०४मध्यें, असें एक म्हणेल. तें केवळ सणाचेंच आहे, दिवाळीखेरीज त्याचा उपयोग नाहीं, म्हणून सणांच्या वस्तूंच्या ९५०५मध्यें, असें दुसरा म्हणेल. त्यावर वर्षभर टिकणारी वेलबुट्टी आहे कीं एका सणाचींच चिन्हें आहेत, हें पाहूनच बोलावें लागेल. सुट्या टिकल्यांचें मात्र सोपें आहे: धातूच्या ८३०८मध्यें, प्लॅस्टिकच्या ३९२६मध्यें. गुंड्या ९६०६, सरकत्या चेनी ९६०७. त्यांवर अधिक बोलण्यासारखें नाहीं.

याखेरीज धाग्याचा धर्म पाहावा लागतो. मिश्र धाग्याच्या फितींत वजनानें जो धागा सर्वांत अधिक, त्याची ती फीत मानतात. १०० भार फितींत ५५ भार पॉलिएस्टर आणि ४५ भार सूत असेल, तर अंगाला ती कितीहि सुती लागो, ती कृत्रिम धाग्याचीच. दुकानदाराचा हात येथें कामास येत नाहीं. प्रयोगशाळेंतील तराजू लागतो.

आतां असें विचारतां येईल कीं, बाजारांत जिला लेस म्हणतात तिला कायद्यानें लेस कां म्हणूं नये? हा प्रश्न न्यायालयांपुढें वारंवार आला आहे. १९७८ सालीं पॉरिट्स अँड स्पेन्सरच्या प्रकरणांत, कागदाच्या कारखान्यांत वापरावयाच्या जाड विणलेल्या पट्ट्यांस ‘कापड’ म्हणावें कीं नाहीं, असा विक्रीकराचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढें होता. तेथें न्यायालयानें करकायद्यांतील शब्दाचा अर्थ शास्त्रीय ग्रंथांतून नव्हे, तर व्यवहारांत लोक ज्या अर्थानें तो वापरतात त्यावरून घ्यावा, हें तत्त्व पुढें ठेवून त्या पट्ट्या कापडच ठरविल्या. परंतु हें तत्त्व कायदा मुका असेल तेथेंच चालतें. कायद्यानें स्वतः व्याख्या सांगितली असेल, रुंदी सेंटिमीटरांत दिली असेल, तेथें बाजाराच्या बोलीस बाजूस सरावें लागतें. ५८व्या प्रकरणांत नेमक्या अशा व्याख्या भरपूर आहेत. म्हणून ‘सारा बाजार हिला लेसच म्हणतो’ हा बचाव कापडाच्या पट्ट्यांच्या वेळीं उपयोगी पडला, तरी लेसच्या वेळीं पडेलच असें नाहीं.

प्रत्यक्षांत यानें काय घडतें, तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. समजा, एका लहान आयातदारानें पांच लाख रुपयांचा माल एका शीर्षकाखालीं आणला. त्याचा दर शेकडा १० आहे. दोन वर्षांत असे चार वेळां आणले. २०११ पासून कर कोणता लागतो हें प्रथम आयातदारानें स्वतःच मांडावयाचें असतें, आणि पुष्कळसा माल पेटी न उघडतां सुटतो. माल कळंब, लातूर, बार्शी येथें विकला गेला, पैसे आले, खर्चहि झाले. पांचव्या खेपेस मात्र पेटी उघडली गेली, नमुना तपासला गेला, आणि तो माल शेकडा २० दराच्या शीर्षकाचा ठरला. त्या खेपेचे पन्नास हजार रुपये अधिक भरावे लागले, एवढ्यावर हें थांबत नाहीं. मागच्या दोन वर्षांतील कमी भरलेल्या कराची मागणी करण्याचा अधिकार कायद्यानें दिला आहे. म्हणजे आणखी दोन लाख, त्यावर अधिभार, जीएसटीचा फरक आणि व्याज. मुद्दाम लपवालपवी केली असें सिद्ध झालें, तर ही मुदत पांच वर्षांची होते आणि कराइतकाच दंडहि बसूं शकतो. ज्या गिऱ्हाइकांनीं ती लेस शेकडा १०च्या हिशेबानें विकत घेऊन पोलक्यांस लावली, त्यांच्याकडून कांहीं वसूल करतां येत नाहीं. सारा बोजा त्या एका आयातदाराच्या डोक्यावर येतो.

याची दुसरी बाजू बंदरापासून फार दूर असते. रेशमाचे गोंडे वळणें, दागिने गाठविणें हा पटवेकऱ्यांचा पिढीजात धंदा. मराठवाड्यांतील लमाणी तांड्यांवरच्या स्त्रियांच्या कांचोळीवर आरसे, कवड्या आणि गोंडे यांचें जें काम दिसतें, तें अजूनहि पुष्कळ ठिकाणीं हातचें आहे. यंत्राचा परदेशी गोंडा जर ‘प्लॅस्टिकचे किरकोळ जिन्नस’ या सोयीच्या नांवाखालीं कमी करानें आंत आला, तर गोंड्यावर बसविलेला कर कागदावरच राहतो, आणि हातानें वळणाऱ्याला त्याचा कांहीं आधार मिळत नाहीं. तेव्हां चुकीच्या वर्गवारीनें सरकारचेंच नुकसान होतें असें समजणें बरोबर नाहीं. खरें नांव लिहिणारा व्यापारी महाग ठरून मागें पडतो, आणि त्याहून मागें तो कारागीर, ज्याचें नांव कोणत्याच बिजकावर नसतें. संरक्षण किती असावें, यावर मतभेद असूं शकेल. स्वस्त गोंडा मिळणें हेंहि गिऱ्हाइकाचें हितच आहे. परंतु जो दर संसदेनें ठरविला तो लागूच पडूं नये, यांत कोणाचें हित आहे असें म्हणतां येत नाहीं.

लहान व्यापाऱ्यास मार्ग मात्र मोकळे आहेत, आणि ते पुष्कळांस ठाऊक नसतात. माल मागविण्यापूर्वींच त्याचा नमुना व माहिती देऊन त्याचें शीर्षक ठरवून घेतां येतें. त्यासाठीं २०२१ पासून मुंबई व दिल्ली येथें सीमाशुल्काचीं अग्रिम-निर्णय प्राधिकरणें आहेत. माल येऊन पडल्यावर शंका निघाली, तर तपासणीचा निकाल लागेपर्यंत हमीपत्र देऊन तात्पुरत्या आकारणीवर माल सोडवितां येतो, म्हणजे पोळ्याचा माल पोळा होऊन गेल्यावर हातीं येण्याची आपत्ति टळते. निर्णय मान्य नसेल, तर अपील आहे.

पण या सर्वांच्या आधीं एक साधें काम असतें, आणि त्यास वकील लागत नाहीं. परदेशी विक्रेत्याकडून बिजक घेतांना ‘लेस, मिश्र’ किंवा ‘शोभेचें सामान’ असें न लिहून घेतां प्रत्येक जिनसेपुढें ती कशी केली आहे हें लिहून घ्यावें: मागावर विणलेली, आंकडीनें विणलेली, कीं भरतकाम करून पायाचें कापड काढून टाकलेली, रुंदी किती सेंटिमीटर, कडेस काठ आहे कीं मोकळे दोरे, कोणता धागा शेकडा किती भार, मणी कांचेचे कीं प्लॅस्टिकचे, सुटा नग कीं ताग्याच्या रूपांत. आणि प्रत्येक प्रकाराचा वीतभर तुकडा, त्याच बिजकाच्या नकलेस टांका घालून, दुकानांतील फडताळांत निदान पांच वर्षें जपून ठेवावा.